डॉक्टरांची फियाट

बाबांनी मला आधी गर्दी शिकवली आणि मग गाडी. इतरांचे वडील म्हणे क्लच आणि ब्रेकपासून सुरुवात करतात. आमच्याकडे पहिले दोन रविवार मी गाडी सुरूच केली नाही. अंबरनाथ स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेपलीकडे गाडी उभी करायची, मी ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं आणि समोरून जाणाऱ्या माणसांचे पाय बघायचे, एवढाच अभ्यास. “तोंडं बघू नकोस. तोंड काहीही सांगतं. पाय बघ,” बाबा म्हणायचे. पाय तिरपे असले तर माणूस आपल्या वाटेने चाललाय. दोन्ही अंगठे आपल्या बंपरकडे असले तर तो आपल्याकडे आलाय. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि कॉमर्सला होते. रविवारची सकाळ लोकांच्या चपला बघण्यात घालवायची या कल्पनेनेच माझं डोकं फिरायचं. मी मुद्दाम जोरात जांभई द्यायचे. बाबांवर काडीचा परिणाम होत नसे.

बाबा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. कापडाचे रंग, भिंतीचे नव्हेत, हे ते प्रत्येकाला न विचारता सांगत. मी शाळेत असताना त्या कारखान्यात संप झाला होता. एका दुपारी गेटवर जमाव होता आणि बाबा कंपनीच्या जीपमध्ये होते. जीपचा ड्रायव्हर घाबरला आणि त्याने न बघता गाडी मागे घेतली. चाक एका कामगाराच्या पायावरून गेलं. त्याच्या आधी ती माणसं नुसती घोषणा देत होती. त्यानंतर जे झालं त्यातून बाबा घरी आले ते चष्म्याशिवाय, आणि शर्टाची कॉलर हातात घेऊन. आईने कॉलर बघितली आणि रडायला लागली. बाबा तिला म्हणाले, “अगं, चूक आमचीच होती. रिव्हर्स टाकायला नको होता.” त्या दिवसापासून त्यांनी नियम गोळा करायला सुरुवात केली. काही माणसं तिकिटं जमवतात, आमचे बाबा नियम जमवत.

गाडी आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, कल्याणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून. मळक्या पांढऱ्या रंगाची फियाट, गिअर स्टिअरिंगपाशी, पुढची सीट बाकासारखी अखंड. डॉक्टरांची नजर कमी झाली म्हणून त्यांनी विकली. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात त्यांचा लाल प्लस चिकटवलेला होता. पहिल्या दिवशी आई ब्लेड घेऊन तो खरवडायला निघाली तर बाबांनी तिचा हात धरला. “राहू दे. कुणाला नडतोय?” म्हणाले. खरं म्हणजे तो उपयोगी होता. नाक्यावरचा हवालदार गाडी अडवत नसे, स्टेशनजवळ रिक्षावाले जागा देत, आणि कधी मोर्चाबिर्चा असला की माणसं आपणहून बाजूला होत. आम्ही कुणाला सांगत नव्हतो की आम्ही डॉक्टर आहोत. नाही असंही सांगत नव्हतो. सज्जन माणसांचं खोटं बोलणं साधारण असंच असतं.

गाडी प्रत्यक्षात चालायला लागली ती बदलापूरच्या पुढे, सोनिवलीच्या रस्त्यावर. आज तिथे सात-सात मजली इमारती आहेत, तेव्हा दोन्ही बाजूंना भातखाचरं होती आणि रस्त्यावर बैलगाड्यांखेरीज फारसं काही नसे. आई डब्यात पोहे द्यायची. मी स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, आणि त्यांची बडबड अखंड चालू. पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेव, म्हणजे बाजूने काढता येईल. काच दोन बोटं उघडी ठेव. दोन बोटांतून आवाज येतो, हात येत नाही. ओरडणाऱ्याशी बोलू नकोस, त्याच्या मागे जो वयस्क माणूस गप्प उभा असेल त्याच्याशी बोल. माणसांतून गाडी न्यायची वेळ आली तर ढकलायची नाही, सरकवायची. आणि काही झालं तरी रिव्हर्स नाही.

“बाबा, मी गाडी शिकतेय की लढाईला चाललेय?” मी एकदा वैतागून विचारलं.

“दोन्ही एकच. फक्त लढाईत पोहे नसतात,” असं म्हणून त्यांनी डबा उघडला.

एकदा त्या रस्त्यावर आमच्यापुढे एका हळदीची माणसं नाचत चालली होती. बेंजो, ताशा, नऊवारी नेसलेल्या बायका, आणि सगळा रस्ता त्यांचा. मला कॉलेजच्या मैत्रिणीकडे जायचं होतं. मी हॉर्न दाबला. बाबांनी कपाळाला हात लावला. क्षणात दहा-बारा जण गाडीला भिडले आणि नवऱ्या मुलाचा कोणीतरी मामा थेट बॉनेटवर येऊन बसला. बाबांनी काच दोन बोटं खाली घेतली, मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला शोधून काढलं आणि म्हणाले, “दादा, पोर शिकतेय हो. चुकलं तिचं.”

तो म्हातारा वाकून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पोर शिकते का? मंग शीक बाय. पन वाजवू नको, बैल बुजतान. आमचे घरान हलद हाय आज.”

त्याने मामाला बॉनेटवरून उतरवलं. दोन बायकांनी दोन बोटांच्या फटीतून जेवढी लावता येईल तेवढी हळद माझ्या नाकाला लावली आणि उरलेली बॉनेटला. पाऊण तास आम्ही त्यांच्यामागून त्यांच्याच चालीने गाडी चालवत गेलो. बाबा सीटवर बसल्या बसल्या ताशाच्या ठेक्यावर गुडघा हलवत होते. त्यांचा इतका मजेत असलेला चेहरा मला क्वचितच आठवतो. बॉनेटवरचा पिवळा डाग मात्र पुढे दोन महिने गेला नाही आणि आई त्यावरून आम्हा दोघांना बोलत राहिली.

सगळ्यात शेवटचा नियम त्यांनी मला करून दाखवायला लावला. एका रविवारी ते गाडीतून उतरले, शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, “मी बाहेर आहे. लोक अंगावर येतायत. काय करशील?”

“तुम्हाला आत घेईन.”

“चूक! निघायचं. गाडीत जो आहे त्याला वाचवायचं. बाहेर जो आहे तो आपलं बघून घेईल. जा, निघ.”

मला वाटलं, ठीक आहे, थोडं पुढे जाऊन थांबावं. मग राग आला आणि मी सरळ बदलापूर स्टेशनपर्यंत गेले. बाबा जवळजवळ तासाने चालत आले. घामाने थबथबलेले, चपलांना चिखल. मला वाटलं आता ओरडा बसणार. तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि दोघांसाठी उसाचा रस घेतला. इतके खूश होते की काही विचारू नका.

लायसन मिळून चार-पाच महिने झाले असतील. माझी मावशी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायची. तिच्या नातवाचं बारसं होतं म्हणून आम्ही तिघं गाडी घेऊन गेलो आणि मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की बंद आहे. कशासाठी होता ते आता मला आठवतही नाही. त्या काळात बंद बरेच व्हायचे आणि दोन दिवसांनी त्यांची कारणं सगळे विसरायचे. रिक्षा नाहीत, दुकानांची शटर्स खाली, कोपऱ्याकोपऱ्यावर घोळके. मावशी म्हणाली राहा आजचा दिवस. पण बाबांची दुपारची पाळी होती. त्यांच्या कारखान्यात एक काम अर्ध्यावर होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या भरवशावर टाकायची त्यांची तयारी नव्हती.

“तू चालव,” बाबा मला म्हणाले.

आई उखडली. “अहो, डोकं ठिकाणावर आहे का? आजच्या दिवशी?”

“आजच. एक तर रस्ता मोकळा. आणि दुसरं म्हणजे, बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर दगड उचललेला हात जरा थांबतो.”

“आणि नाही थांबला तर?”

“मग तू मागच्या सीटवर खाली वाक,” बाबा शांतपणे म्हणाले.

आम्ही निघालो. पहिल्या चौकात टायर जळत होते आणि पंचवीस-तीस पोरं उभी होती. मी गाडी हळू केली. एकाने काचेकडे बोट दाखवलं. “डॉक्टर है, जाने दे, जाने दे.” वाट झाली. दुसऱ्या चौकात तेच. एकाने तर मला सलाम ठोकला. मी खोटं का बोलू, मला मजा वाटली. लेडी डॉक्टरसारखी मान ताठ केली आणि आरशात आईकडे बघून हसले. आईने तोंड फिरवलं.

तिसऱ्या ठिकाणी चौक नव्हताच. त्या भागात तेव्हा घराघरांत जीन्सचे छोटे कारखाने निघाले होते. कुणी शिवायचे, कुणी रंगवायचे, कुणी धुवायचे, आणि गटारं निळी वाहायची. एका गल्लीच्या तोंडातून वीसेक माणसं एकदम रस्त्यावर आली. काहींचे हात कोपरापर्यंत निळे होते. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आमची गाडी दिसताच हात वर करून धावत आली. “डॉक्टर है! रुको, रुको! डॉक्टर मिल गया!”

समोर माणसं आल्यावर थांबण्यावाचून इलाज नव्हता. एक माणूस माझ्या काचेवर थापा मारायला लागला. “मॅडम, जल्दी उतरो. आदमी तडप रहा है.”

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी आपल्या बाजूची काच दोन बोटं खाली घेतली आणि अगदी सावकाश सांगितलं, “भाई, ये डॉक्टर नहीं है. मेरी लडकी है. मैं भी डॉक्टर नहीं हूं. गाडी पुरानी है, डॉक्टर की थी.”

शब्दन् शब्द खरा होता आणि त्यावर कुणीही विश्वास ठेवला नसता. मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला नसता.

“प्लस लगाके घूमते हो और बोलते हो डॉक्टर नहीं?”

“काका, नाटकं नको करू हां. आमचा माणूस मरतोय इकडे.”

आवाज चढले. कुणीतरी टपावर हात आपटला. पाच मिनिटांपूर्वी ज्या प्लसने आम्हाला वाट करून दिली होती त्याच प्लसमुळे आता आम्ही जगातले सगळ्यात नीच लोक ठरलो होतो. मी खाली बघितलं. सगळे अंगठे आमच्या बंपरकडे होते. गर्दीतून एक बाई पुढे घुसली आणि काचेला तोंड लावून किंचाळली, “अरे, उसकी आंख में कॉस्टिक गया है!”

कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोडा, कातडी जाळणारा. बाबांच्या कारखान्यात तो पिंपांनी यायचा. मी त्यांचा चेहरा बदलताना बघितला.

“कितना टाइम हुआ?”

“अभी, अभी. बॅरल में कॉस्टिक था, इसने ऊपर से पानी डाला तो उडा.”

“आंख में पानी मारा?”

“कोई बोला तेल डालो, तो तेल लाने गए हैं.”

“तेल नाही!” बाबा इतक्या मोठ्याने ओरडले की मागे आई दचकली. गर्दीसमोर आवाज चढवायचा नाही म्हणणारा माणूस. त्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “दारं लाव. इंजिन चालू ठेव. वेळ आली तर निघ, माझ्यासाठी थांबू नकोस.” आणि ते धावत सुटले. बाबांना धावताना मी त्यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. अर्धी गर्दी त्यांच्यामागे गल्लीत गेली.

अर्धी राहिली. त्यांना बाबा नकोच होते. त्यांच्या हिशेबी डॉक्टर मी होते.

“कंपाउंडर को भेज दिया. खुद अंदर बैठी है.”

“उतर ना मॅडम! हाथ गंदे हो जाएंगे क्या?”

मी फटीतून म्हटलं, “मैं डॉक्टर नहीं हूं. कॉलेज में पढती हूं.”

“मेडिकल कॉलेज?”

“नहीं, कॉमर्स.”

एक जण फिस्सकन हसला. बाकीच्यांना ती थट्टा वाटली आणि ते जास्तच बिथरले. मी त्यांच्यात एखादा वयस्क, गप्प माणूस शोधत होते. एकही नव्हता. सगळे तरणे, सगळे एकदम बोलणारे. वेळ किती गेला ते सांगता येणार नाही. घड्याळाने कदाचित पंधरा मिनिटं, मला विचाराल तर माझं सगळं कॉलेज त्यात संपलं. डाव्या पायाने क्लच दाबून धरला होता. आई मागे काहीतरी स्तोत्र पुटपुटत होती. दाराचं हँडल कुणीतरी खाली-वर करत होतं.

मग एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. मागची काच फुटली. दगड सीटवर पडला आणि आईच्या केसांत सगळा चुरा. आणि मी पुढे बघितलं तर गल्लीतून सात-आठ माणसं सरळ आमच्या गाडीच्या रोखाने पळत येत होती. पायांचे अंगठे आमच्याकडे. बाबा त्यांच्यात नव्हते.

मी क्लच सोडला. ढकललं नाही, सरकवलं, जसं शिकवलं होतं तसं. बॉनेटवर हात पडले, टपावर बुक्क्या बसल्या, कुणाचा तरी निळा पंजा काचेवरून घसरत गेला. एका माणसाचाही पाय माझ्या चाकाखाली आला नाही. फट मोठी झाली आणि मी सेकंड टाकला.

“अगं, बाबा राहिले!” आई ओरडली. “थांब! बाबा राहिले ना गं!”

“त्यांनीच सांगितलंय,” मी म्हटलं, आणि वळून बघितलं नाही.

वाटेत पोलीस चौकी लागली. सगळे बंदोबस्ताला गेले होते, एकच हवालदार होता. त्याने लिहून घेतलं आणि साहेब आले की माणसं पाठवतो म्हणाला. मी आईला घरी सोडलं. तिच्या केसांतून काचा काढल्या. आई देवापुढे बसली आणि मी गॅलरीत उभी राहिले. ते चार तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट तास होते. बाबा परत आले नाहीत तर आपण या घरात तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

साडेचारला बाबा कॉलनीच्या फाटकातून चालत आत आले. शर्ट पुढून ओला आणि निळा, दोन्ही हातांची बोटं लाल, सोललेली. धडधाकट होते. मी जिने उतरून खाली गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. ते म्हणाले, “आईला लागलं का?” मी नाही म्हटलं. “कुणाच्या अंगावर गाडी गेली?” नाही. “रिव्हर्स टाकलास?” नाही. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “अगदी बरोबर केलंस,” म्हणाले.

त्या माणसाचं काय झालं, आईने विचारलं. “धुतले डोळे. इस्पितळात नेलंय त्याला,” एवढंच सांगून बाबा अंघोळीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः ब्लेडने काचेवरचा प्लस खरवडून काढला.

त्यानंतर बाबांनी माझा नुसता उदो उदो मांडला. कॉलनीत, कारखान्यात, नातेवाइकांत, सगळ्यांना सांगून झालं. मला बघायला येणाऱ्यांनासुद्धा सांगत. “बापाला सोडून गाडी काढली हिने! एवढं डोकं थंड!” एका मुलाची आई ते ऐकून पोहे अर्धे टाकून उठली. मी वरवर “पुरे हो बाबा” म्हणायचे, पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आमच्या घरात कौतुक कधी फार नव्हतं. हे मी चार वर्षं मिरवलं.

चार वर्षांनी मावशीकडे गेले होते. लग्न ठरलं होतं आणि ब्लाउजांसाठी हुक, लेस असलं काहीबाही घ्यायचं होतं. मावशीने मला बाजारातल्या एका टपरीवजा दुकानात नेलं. चेन, बटणं, दोऱ्याची रिळं. दुकानदार तिशीचा असेल. त्याचा डावा डोळा दुधासारखा पांढरा होता. मावशी त्याला कौतुकाने म्हणाली, “ओळखलंस का? अरे, हिच्याच वडिलांनी तुझे डोळे धुतले होते.”

तो उठून उभाच राहिला. “डॉक्टरसाब की लडकी? कैसे हैं डॉक्टरसाब?”

बाबा डॉक्टर नाहीत हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. तो भडाभडा बोलत सुटला. बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, बोटांनी पापण्या उघड्या धरल्या होत्या आणि तासभर पाणी ओतलं होतं. एका डोळ्याचं पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मान वळवून. अख्ख्या गल्लीतल्या बायकांनी घरचं प्यायचं पाणी हंड्यांनी आणून दिलं. त्या दिवशी त्या गल्लीत कुणाच्या घरी घोटभर पाणी उरलं नव्हतं. “ये आंख उन्हीं की वजह से है,” उजव्या डोळ्यावर बोट ठेवून तो म्हणाला. मग म्हणाला, “अस्पताल जल्दी पहुंचते तो शायद दूसरी भी बचती. दस-पंद्रह मिनट धोने के बाद उन्होंने गाडी मंगवाई थी. बोले गाडी में डालो, रास्ते में भी धोता रहूंगा. लडके दौडके गए भी. लेकिन वो मॅडम गाडी लेके भाग गई. फिर हाथगाडी पे ले गए. बंद था ना.”

मी हातातली लेस गुंडाळत राहिले. गल्लीतून पळत आलेली ती सात-आठ माणसं मला जशीच्या तशी दिसत होती. ती आमच्याकडेच येत होती, यात मी चुकले नव्हते. कशासाठी येत होती, ते पायांवरून कळत नाही. मावशीच्या काही लक्षात आलं नाही, ती रिळांचे रंग बघत होती. ती मॅडम मीच, हे मी त्याला सांगितलं नाही. धन्यवाद म्हटलं आणि घरी आले.

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्या विचारलं, “गाडी असती तर त्याचा डावा डोळा वाचला असता का?”

“नाही,” बाबा म्हणाले. “कॉस्टिक आत शिरत जातं. काय व्हायचं ते पहिल्या काही मिनिटांतच होतं.”

माझ्या सगळ्या आयुष्यात बाबांनी रसायनाच्या कुठल्याही प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. लोणच्यात मीठ किती घालू असं आईने विचारलं तरी ते “सांगता येत नाही, कैरीवर आहे” म्हणायचे. आणि आज पेपरातून मान वर न करता सरळ नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. “मग मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं होतं त्यात?” म्हणाले, आणि पान उलटलं.

दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी मी एकटी गाडी घेऊन कॅम्प पाचला गेले. भर दुपारी, बाजार तुडुंब असताना. त्याच्या दुकानासमोर दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबण्याचा धीर माझ्यात नव्हता. मी म्हटलं, “वो मॅडम मैं थी. गाडी लेके भागी, वो.”

त्याच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं. ते त्याने खाली ठेवलं. त्या एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा शिव्या देईल, आणि द्याव्यात असंच वाटत होतं.

“मेरी तो आंखें बंद थी, मॅडम,” तो म्हणाला. “कौन रुका, कौन भागा, मैंने क्या देखा? मुझे बस आवाजें याद हैं. उन्होंने बोला गाडी लाओ. फिर किसी ने आके बताया, गाडी तो चली गई. तो मालूम, उन्होंने क्या बोला? मेरा सिर पकडा हुआ था, पानी डाल रहे थे, और बोले, ‘शाबास.’ रो भी रहे थे शायद, मेरे गाल पे गरम गिरा. मैंने सोचा, मेरी जान जा रही है और ये आदमी शाबास किसको बोल रहा है.”

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि भर बाजारात हुंदके देऊन रडले. त्याने शेजारच्या पोराला दोन चहा सांगितले आणि गिऱ्हाइकांना थोड्या वेळाने या म्हणाला.